मा. ‘फोल्डर उघडता येत नाही’ साहेब यांस खुले पत्र

प्रति,
मा. फोल्डर-त्रुटी संदेश साहेब,
मुक्काम संगणकाचा पडदा, देवळी, जि. वर्धा.

विषय : बिघाडापेक्षा आपल्या बोलण्यानेच जास्त नुकसान होते, याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपले आगमन झाले की देवळीतल्या ऑफिसांत काम थांबते. इथल्या एमआयडीसीतले कारखाने, जिनिंग-प्रेसिंगचे हिशेबनीस, कर सल्लागार अशी बरीच मंडळी अजून टेबलावरच्या संगणकात थंडरबर्ड नाहीतर आउटलुक उघडूनच पत्रव्यवहार बघतात. कापसाचा हंगाम ऐन भरात, गाठींच्या सौद्याचा मेल इनबॉक्समध्ये, जीएसटीची नोटीस शेजारच्या फोल्डरात, आणि मध्ये उभे राहून आपण सांगता : सारांश फाइल उघडता आली नाही, कदाचित डिस्कवर त्रुटी असेल किंवा पाथ फार लांब असेल. थंडरबर्ड वापरणाऱ्यांना आपले हे वचन चांगले परिचयाचे आहे. ‘डिस्क’ म्हटल्याबरोबर हिशेबनिसाच्या पोटात गोळा येतो. तो प्रोग्राम काढून पुन्हा टाकतो. प्रोग्राम काढला तरी पत्रांचा फोल्डर जागचा हलत नाही, त्यामुळे आपणही पुन्हा हजर. मग कुणीतरी जाणकार येतो आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची कॉपी तो इमानदारीने काढतो. थंडरबर्डची पत्रे मात्र विंडोजने मुळातच लपवून ठेवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात असतात, ती जातात. आपल्यामुळे जे गेले नव्हते, ते आपल्या धाकाने गेले.

मूळ बिघाड किती किरकोळ असतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवतो. ही पद्धत 1970 च्या दशकातल्या युनिक्सची. नुसते ‘इनबॉक्स’ नाव असलेली, पुढे शेपूट नसलेली ती फाइल साधा मजकूरच असते. लहान असली तर नोटपॅडमध्येही उघडते. तिच्या शेजारी ‘एमएसएफ’ शेपटीची छोटी फाइल असते, तीच आपली ‘सारांश फाइल’. तीत फक्त यादी : कोणते पत्र कुठून सुरू होते, कुणाचे, कधीचे, वाचले की नाही. तलाठी ऑफिसच्या भाषेत सांगायचे तर सातबारा शाबूत असला की आठ-अ पुन्हा काढता येतो. आठ-अ फाटला म्हणून कुणाचे वावर जात नाही. आपण ओरडता ते पुष्कळदा आठ-अ फाटल्याबद्दल, ऐकणाऱ्याला वाटते वावर गेले. फोल्डरवर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘रिपेअर फोल्डर’, एवढ्याने मूळ फाइल वाचून यादी नव्याने तयार होते. मग ‘तुमची पत्रांची फाइल जागेवर आहे, यादी नव्याने करू का?’ असे विचारायला आपली जीभ का अडते?

त्यातून आपला ‘कदाचित’ तर अजबच. पाथ लांब आहे की नाही, हे अक्षरे मोजून कळते, आणि मोजणे हा तर संगणकाचा जन्मसिद्ध धंदा. विंडोजची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे. ती ओलांडली असेल तर तसे सांगा, नसेल तर विषय काढू नका. डिस्कने वाचायला नकार दिला तर विंडोज त्या त्रुटीचा क्रमांक प्रोग्रामच्या हातात ठेवते, मग तोही अंदाजाचा विषय राहत नाही. आपले दुसरे रूपही तसेच : फोल्डरवर प्रक्रिया चालू आहे, पूर्ण होईपर्यंत थांबा. देवळीकर थांबायला भीत नाहीत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावर वर्ध्याहून देवळीवरून कळंबला गाडी जायला 28 फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. पण तिथे टाकलेले रूळ तरी डोळ्यांना दिसत होते. आपल्या प्रक्रियेचे किती झाले, किती उरले, कशाचाच पत्ता नसतो.

आपल्या बाजूनेही बोलले पाहिजे. बिघाडाची कारणे अनेक असतात आणि कधी मूळ फाइलही खरोखर दुखावते. पत्र डिलीट केले की थंडरबर्ड त्यावर फक्त खूण करतो. जागा मोकळी होते ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर, आणि तेव्हा उरलेली पत्रे ‘एनएसटीएमपी’ नावाच्या तात्पुरत्या फाइलीत उतरवून घेतली जातात. ऐन त्या वेळी लाइन गेली की काम अर्धवट. अँटीव्हायरसला एका पत्राची अटॅचमेंट संशयास्पद वाटली तर तो कधी अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून अटकेत टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच फाइल. तेव्हा ‘सगळे ठीक आहे’ अशी हमी आपण देऊ शकत नाही, हे मान्य. हमी कुणी मागितलेलीच नाही. मूळ फाइल जागेवर आहे की नाही, तिचा आकार किती, शेवटची कधी बदलली, या तीन गोष्टी आपल्याला त्याच क्षणी कळतात. तेवढ्या सांगितल्या तरी हिशेबनीस फॉरमॅटपर्यंत जाणार नाही.

कुणी म्हणेल, थंडरबर्ड फुकटचा, दात कशाला मोजता? मग पैसे मोजून घेतलेल्या आउटलुकचे दात मोजू. आउटलुक 2002 पर्यंतच्या पीएसटी फाइलीची मर्यादा 2 जीबी होती. 2003 साली नवा साचा आला आणि 2010 पासून मर्यादा 50 जीबी झाली. जागा वाढली, आपली वाणी मात्र ‘0x8004010F’ अशीच राहिली. फाइल दुरुस्त करणारे ‘स्कॅनपीएसटी’ सोबतच मिळते, पण ऑफिसच्या फोल्डरात खोलवर पुरलेले. औषध घरात ठेवायचे आणि फडताळाची किल्ली लपवायची, हा न्याय फुकट-विकत दोघांचाही सारखाच.

दुसरा आक्षेप : हा संगणकातला पसारा हवाच कशाला, ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर मेल बघा. पण जीमेलची फुकट जागा 15 जीबी, तीही फोटो आणि ड्राइव्हमध्ये वाटलेली. नेट नसले की जुने पत्र दिसेलच असे नाही. आणि पीओपीने उतरवून सर्व्हरवरून काढलेली वर्षानुवर्षांची पत्रे संगणकातल्या त्या एका फाइलीतच असतात. तिसरा आक्षेप बॅकअपचा, आणि तो खरा आहे. बॅकअप न ठेवणाऱ्याची चूक आहेच. पण बॅकअप घ्यायचा तो फोल्डरच जिथे दिसत नाही, तिथे सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

सबब, विनंती एवढीच : काय शाबूत आहे ते आधी सांगा, काय बिघडले ते नंतर, आणि पुढे काय करायचे त्याचे बटण खाली द्या. कळावे.

आपला,
पडद्यासमोरचा वापरकर्ता

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : देवळीतील सर्व हिशेबनीस. साहेबांना केलेली विनंती मान्य होईपर्यंत हे करावे. संदेश दिसताच मेलचा प्रोग्राम बंद करावा. ‘ॲपडेटा’तल्या ‘थंडरबर्ड’ फोल्डराची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यावी. आउटलुक असेल तर पीएसटीची घ्यावी. मगच रिपेअर करावे. कॉपी हाती येईपर्यंत कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नये.