हिशेबाची घाई

कॅलिफोर्नियाचा कायदा भलताच उतावळा. मालकाने कामावरून काढलं, की शेवटचा पगार त्याच दिवशी हातात. मुद्दाम टाळाटाळ केली, तर उशिराच्या दर दिवसाला आणखी एका दिवसाचा पगार, तोही 30 दिवसांपर्यंत! आपल्याकडे असली घिसाडघाई नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी लिहून ठेवली. साहेबांनी त्याचं भाषांतर वडापाव आणि कटिंग असं केलं. (चटणी जास्त मागितली, तर मोठ्या मनाने देतातही.) 2019 च्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरही दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. एचआर मात्र पंचेचाळीस दिवसांनी फोन करायला सांगतं. राजीनामा देणाऱ्यांनी संहितेचं कलम 17 पाठ करून जावं.