लग्नपत्रिकेवर फास्टॅग चिकटवणाऱ्या राजेंना

श्रीयुत राजे यांस,


आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. गाडीच्या मागच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत ‘राजे’ लिहिलंय, तेवढीच ओळख. गेल्या रविवारी दुपारी चाळकवाडीच्या टोलनाक्यावर आपण माझ्या पुढे होतात. मी आळेफाट्याला बहिणीकडे जाऊन मंचरला परतत होतो. त्यामुळे आपल्याला पाहिलं ते पाठमोरं, पण मनसोक्त पाहिलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

गाडी मशीनखाली गेली आणि दांडा जागचा हलला नाही. मग खिडकीतून आपला उजवा हात बाहेर आला. हातात लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा होता. त्यावरचा सोनेरी गणपती आमच्याकडे बघत होता आणि गणपतीच्या पाठीला फास्टॅग डकवलेला होता. आपण तो आरतीच्या तबकासारखा ओवाळलात, आधी उजवीकडून, मग डावीकडून. देव पावला नाही. नाक्यावरचा पोरगा हातातलं मशीन घेऊन धावत आला, तर टॅगवर एका गाडीचा नंबर आणि पाटीवर दुसऱ्याच गाडीचा. त्यावर आपण जे बोललात ते चार गाड्या मागेपर्यंत ऐकू आलं: “पास काढलाय! तीन हजार मोजलेत! घरात तीन गाड्यायत, प्रत्येकीचा वेगळा काढू का?”

हो राजे. प्रत्येकीचा वेगळाच काढायचा असतो.

15 ऑगस्ट 2025 ला ही वार्षिक पासाची योजना सुरू झाली, तेव्हा आपल्यासारख्यांसाठी नियम अगदी बाळबोध ठेवला होता. 3000 रुपये भरा, वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल तोवर चालवा. पास मिळतो तो खासगी मोटार, जीप, व्हॅनला. म्हणजे मिळतो गाडीला, घराण्याला नव्हे. जी गाडी नोंदवली तिच्याच काचेवर टॅग चिकटलेला हवा. भाड्याच्या गाडीला तो वापरल्याचं आढळलं तर पास पूर्वसूचनेशिवाय बंद. आपल्या तीन गाड्यांतली एक पिवळ्या पाटीची आहे का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आपला आवाज ऐकून जीभ आत घेतली.

आता हिशेब करू. तीन हजारांत दोनशे फेऱ्या, म्हणजे एका फेरीला पंधरा रुपये. मंचरच्या स्टँडवर चहा आणि वडापाव घ्यायचा म्हटलं तर पंधरा रुपयांत भागणार नाही. तेही वाचवायला आपण पुठ्ठा फिरवता! बरं, फेऱ्याही अमर नाहीत. प्रत्येक नाका ओलांडला की एक फेरी कापली जाते. इथून नाशिकला जाऊन यायचं तर चाळकवाडी, हिवरगाव पावसा आणि शिंदे असे तीन नाके जाताना, तीन येताना. एका नाशिकवारीत सहा फेऱ्या खलास. तीन गाड्यांनी मिळून हा पास चाटला, तर दिवाळीला काढलेला होळीलाच कोरडा व्हायचा. मग टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातील आणि पुन्हा ओरडा होईल, तोही आमच्याच पुढे.

माझ्या मागे बेल्ह्याकडचा एक पिकअप होता. मागे टोमॅटोचे वीस-वीस किलोचे क्रेट रचलेले, ताडपत्री अर्धवट बांधलेली. नारायणगावच्या उपबाजारात निघाला होता. लिलावाला उशीर झाला की भाव कुठे जातो, हे ज्याचा माल त्यालाच कळतं. ड्रायव्हर खाली उतरला, आपल्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, “दादा, लग्न लागलं का? का अजून अक्षताच चालल्यात?”

या माणसाचं दुखणं ऐका, राजे. त्याला आपला वार्षिक पास मिळत नाही, कारण त्याची गाडी मालवाहू. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठीचा महिन्याचा स्थानिक पास आहे, 2025-26 मध्ये 350 रुपयांचा, तोही खासगी गाडीलाच. जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मी सवलत आहे, पण तीही नॅशनल परमिट नसेल तर. म्हणजे महाबळेश्वरला हवा खायला निघालेल्याची फेरी पंधराएक रुपयांत, आणि जो खायला घालतो त्याने दर फेरीला मोजायचे. पात्रतेचा हा नियम मला वाकडा वाटतो. यावर भांडा ना, मी बरोबर येतो. पण आपण भांडलात ते पुठ्ठ्यासाठी.

आमच्या मंचरकरांचंही ऐका. चाळकवाडीपासून मोजलं तर मंचर त्या वीस किलोमीटरच्या बाहेर पडतं आणि नारायणगाव आत बसतं. त्यामुळे इकडच्या काहींना अचानक नारायणगावची मावशी आठवू लागली आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून तिच्या वीजबिलाच्या झेरॉक्सला सध्या फार मान आहे. आपणही त्याच बिरादरीतले असाल, असा माझा आपला एक अंदाज. चुकला असल्यास मावशीला माझा नमस्कार सांगू नका.

टोल चुकवायची हौस काही आजची नसावी. आपल्याच जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून माल याच वाटेने वर यायचा. घाटमाथ्यावर दगडाचा भला थोरला रांजण अजून उभा आहे, जकात त्यात टाकत असं परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणेचे आकडे कोरलेत, लपवाछपवी नाही. त्या रांजणापुढे एखादा व्यापारी दुसऱ्याच्या बैलाची खूण दाखवून, ‘हा माझाच बैल’ म्हणत उभा राहिला असेल का? असेलही. पण त्याच्या मागे तांडा थांबलेला असणार, आणि तांड्यातली माणसं शिव्या द्यायला माझ्यासारखी पत्रं लिहीत बसली नसणार.

शेवटी आपण काय केलंत तेही मी पाहिलं. मॅनेजरला बोलवा म्हणालात, आमदारांचं नाव घेतलंत, मग मोबाईल काढून मुकाट यूपीआय केलंत. 15 नोव्हेंबर 2025 ला नियम आला होता: वैध टॅग नसला तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. आपण सव्वापट निवडलात, एवढी अक्कल पाहून बरं वाटलं. दांडा वर गेला. पिकअपवाल्याने हॉर्न दिला नाही. त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं.

तर विनंती एवढीच. पुढच्या रविवारी मी पुन्हा आळेफाट्याला जाणार आहे. फास्टॅगच्या मागे एक पातळ कागद असतो. तो सोलायचा, टॅग काचेच्या आतून वरच्या बाजूला लावायचा आणि अंगठ्याने दाबायचा. दोन मिनिटांचं काम आहे. लग्नपत्रिका मात्र जपून ठेवा, तिच्यावर गणपती आहे.

आपला,
लेन नंबर तीनमधला, आपल्या मागचा