पाठीवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते आणि थोडी चेष्टा. ज्याला भिंत नाही, खुंटी नाही, दारावर नावाची पाटी नाही, अशा माणसाबद्दल घरवाल्यांनी काढलेले ते उद्गार आहेत. विंचवाचं म्हणणं काय आहे, हे कुणी विचारलेलं नाही. मला ही म्हण आठवते ती एका चकचकीत चकतीपायी. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर नावाच्या गृहस्थांनी २००० साली लिनक्सची एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम सीडीवर घातली आणि स्वतःच्या आडनावावरून तिला क्नॉपिक्स म्हटलं. आमच्याकडे तो आरंभीचा ‘क्’ कुणाच्या जिभेवर टिकला नाही. सगळे नॉपिक्सच म्हणत. तिची गंमत अशी की ती कॉम्प्युटरमध्ये बसवावी लागत नसे. सीडी घालून कॉम्प्युटर सुरू केला की ती तिथल्या तिथे नांदू लागे, आणि सीडी काढून घेतली की आल्या पावली परत जाई. ओसरीवर रात्रीपुरता टेकलेला एखादा प्रवासी जसा स्वतःची वळकटी स्वतःच सोडतो आणि पहाटे यजमान उठायच्या आत बांधूनही ठेवतो, तसं.

आता ही वळकटी म्हणजे केवढी, तर बारा सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर ७०० एमबी मावतात. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या काठावरून निघून मध्याकडे येते. सीडीचं बरोबर उलटं. तिथे लेझरचा किरण मध्याजवळून निघतो आणि घिरट्या घेत घेत काठाकडे जातो. त्या घिरट्या उलगडून सरळ रस्ता केला तर तो पाच किलोमीटरहून लांब भरेल, म्हणजे स्वारगेटहून निघून पुणे स्टेशन गाठावं इतका. एवढं चालूनही सामान मावत नव्हतंच. दोन जीबीच्या आसपासचा ऐवज ७०० एमबीत कोंबायचा होता. त्यासाठी क्नॉपरनी एक युक्ती वापरली, ती मुळात रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरची. सगळं दाबून, घड्या घालून ठेवायचं आणि ज्या क्षणी जी घडी लागेल तेवढीच उलगडायची. माझ्या आत्याला प्रवासाची बॅग अशी भरता येत असे. ती गेल्यापासून आमच्या घरातल्या कुठल्याही बॅगेची चेन सरळ लागलेली नाही.

त्या काळात संगणकाच्या मासिकांबरोबर अशा सीडी पारदर्शक पिशवीतून फुकट येत. मासिक वाचून व्हायचं, रद्दीत जायचं. सीडी मागे उरायच्या. त्यांचं करायचं काय हे न कळल्याने काही घरांत त्या चहाच्या कपाखाली गेल्या, काही ठिकाणी दोऱ्याला बांधून गॅलरीत कबुतरांना भिववायला टांगल्या गेल्या. एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उन्हात लखलखते आहे आणि शेजारीच कबुतर निवांत घुमतं आहे, हे दृश्य मी पुण्यात पाहिलेलं आहे.

आमच्या घरी आलेली नॉपिक्सची सीडी या गतीला गेली नाही, याचं श्रेय बाबांच्या संशयी स्वभावाला. ‘फुकट आहे ना? मग काहीतरी गोम असणार,’ असं म्हणून त्यांनी ती स्टीलच्या कपाटात ठेवली. ही सीडी कुणीही घ्यावी, तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात, आतला कोड वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा, असं तिच्या परवान्यातच लिहिलेलं आहे, हे सांगितल्यावर तर त्यांचा संशय पक्का झाला. उभा जन्म पावत्यांच्या स्थळप्रती जपण्यात गेलेल्या माणसाला हा व्यवहार पटणं कठीणच होतं.

सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा तर आधी डिलीटचं बटण दाबून बायोसच्या निळ्या पडद्यावर जावं लागे. सरकारी कचेरीची भिंत बोलू लागली तर ज्या सुरात बोलेल, त्या सुरातला तो पडदा. तिथे हार्ड डिस्कच्या आधी सीडी, असा क्रम लावायचा. मग ड्राइव्ह घरघरू लागे, कोपऱ्यात लिनक्सचा पेंग्विन उमटे आणि ओळींमागून ओळी धावत सुटत. त्या ओळी मला फार आवडायच्या, कारण पाहुणा घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो आहे असं वाटे. हा माऊस, हे साउंड कार्ड, हा मॉनिटर, हे नेटवर्क कार्ड. एरवी यांतल्या प्रत्येकाची ओळख करून द्यायला वेगळी सीडी आणि दुकानातल्या मुलाचा एक रविवार लागत असे. हा मात्र जर्मनीहून पहिल्यांदाच येतो आणि विचारतो, ‘काय, बरं आहे ना?’ ओळखत नसे तो फक्त मोडेमला. त्या वेळचे आतल्या आत बसवलेले स्वस्त मोडेम आपलं अर्धं काम दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमकडून करून घेत. त्यांच्याशी लिनक्सचं सहसा जमत नसे. त्यामुळे आमचा पाहुणा सगळ्या घराशी हसूनखेळून असे, पण बाहेरच्या जगाशी त्याचा पत्रव्यवहार नव्हता.

त्याच्या रीतीभाती मात्र बघण्यासारख्या होत्या. हार्ड डिस्कवरचे कप्पे त्याला दिसत, पण ते तो उघडी फक्त वाचण्यापुरते. लिहायची परवानगी मुद्दाम द्यावी लागे. यजमानाच्या कपाटातली पुस्तकं काचेतून पाहावीत आणि हात पाठीमागे बांधून ठेवावेत, ही सभ्यता त्याच्यात निर्मात्यानेच घालून दिली होती. म्हणूनच शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर एकदा सुरूच होईना तेव्हा हीच सीडी घालून आम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो बाहेर काढू शकलो. घरचा मालक बेशुद्ध आणि पाहुणा शांतपणे किल्ल्या कुठे आहेत ते सांगतो आहे, असा तो प्रकार होता. बाबांनी त्या दिवसानंतर गोम शोधणं सोडलं. निदान मोठ्याने शोधणं सोडलं.

पाहुणा मंद होता, हे कबूल केलं पाहिजे. ऑफिसचा एखादा भला मोठा प्रोग्राम उघडायचा झाला तर सीडी आधी दम घेई, मग फिरू लागे, मग पुन्हा थबके. एवढ्या वेळात चहाला आधण ठेवून येता येई. आणि तो विसराळू होता. त्याची सगळी उठबस मेमरीत चाले, म्हणजे वीज गेली की गेलं. लिहिलेलं पेनड्राइव्हवर वगैरे जपून ठेवता येई, पण आपण होऊन तो काहीच जपत नसे. बंद करताना तो ट्रे स्वतःच बाहेर सरकवी, सीडी काढून घ्या आणि एंटर दाबा असं सांगे, आणि संपे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच निर्मळ ओळखपरेड.

या विसराळूपणाचा मला एक वेगळाच नाद लागला. संध्याकाळी नॉपिक्स सुरू करून मी काहीबाही लिहीत बसे. हे राहणार नाही हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्या लिखाणाला कुणी वाचक नव्हता, उद्याचा मीसुद्धा नव्हतो. वाक्यं मग अंग सैल सोडून येत. मी तिथे भांडणं लिहिली, माफ्या लिहिल्या, एका मृत मित्राला खुशालीचं पत्र लिहिलं. ते सगळं आज कुठेही नाही, आणि माझं सर्वांत बरं लेखन त्यातच होतं असं मी खुशाल म्हणतो. खोडून काढायला पुरावा कुणापाशीच नाही.

पण पाहुण्याशी खरी गट्टी जमली ती आईची. आमच्या कॉम्प्युटरला क्रोशाचं आवरण होतं, तिनेच विणलेलं, मॉनिटरचं वेगळं आणि कीबोर्डचं वेगळं. रोज पुसायची तीच. मात्र तो चालू असताना ती त्याच्यापासून चार हात लांब उभी राही. बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आलेली वस्तू. आपला हात लागला आणि काही बिघडलं तर? ‘काही होत नाही गं,’ असं आम्ही सगळेच म्हणत असू, आणि ते खोटं आहे हे तिला आमच्या आवाजावरून कळे. नॉपिक्स चालू असताना मी ते पहिल्यांदा खरं बोललो. ‘आई, तू काहीही दाब. सगळं पूस, मोड, उलटंपालटं कर. बंद करून चालू केलं की जिथल्या तिथे.’

तिने खात्री करून घेतली. ‘बघ हं, मग मला बोलायचं नाही.’ आणि मग तिने जे दाबायला सुरुवात केली! जी खिडकी दिसेल ती उघडली. भाषा बदलून सगळा पडदा जर्मन करून टाकला आणि त्या जर्मनमध्येच पत्त्यांचा डाव लावला. घड्याळ पुढे नेलं. पडद्याचा रंग असा केला की आम्हाला डोळे मिटून घ्यावे लागले. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू जपलेल्या बाईला मोडतोडीची एवढी हौस असेल, असं आम्हा कुणाला वाटलं नव्हतं. मग एके दिवशी चित्रं काढायचा प्रोग्राम सापडला आणि माऊसने ठिपके देत तिने रांगोळी घातली. माऊस थरथरत होता, कुयरीची शेपूट ठिपका चुकवून भलतीकडेच गेली होती. ती पेनड्राइव्हवर ठेवूया का, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘कशाला? उद्या दुसरी काढायचीच आहे.’ काढलीही. सकाळी उंबऱ्यात एक आणि दुपारी कामं उरकल्यावर पडद्यावर एक, असा तिचा नेम झाला, आणि दोन्ही संध्याकाळपर्यंत सारख्याच निमूटपणे पुसल्या जात.

क्नॉपर यांच्या पत्नीचं नाव आद्रियाने. त्यांना नीट दिसत नाही. पुढे नॉपिक्समध्ये एक सोय आली, ती सुरू केली की सीडी बोलू लागते. मेनू वाचून दाखवते, पत्र वाचते, आणि पडद्याकडे न पाहता सगळं काम करता येतं. या सोयीच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की आद्रियाने होतं. प्रेमात माणसं ताजमहाल वगैरे बांधतात. या गृहस्थांनी मेनू बांधला, आणि तो फुकट वाटून टाकला.

आता नव्या लॅपटॉपना सीडीचा खण नसतो. उबुंटू हा लिनक्सचाच दुसरा अवतार. उबुंटूवाले मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवत, ते त्यांनी २०११ मध्ये थांबवलं. २०१२ च्या ऑक्टोबरातली त्यांची आवृत्ती तर ७०० एमबीत मावेनाशीच झाली. सामान वाढलं, वळकटी पेनड्राइव्हवर गेली, पण चाल तीच राहिली आहे. नॉपिक्स आजही फुकट उतरवून घेता येतं. उबुंटूचा पेनड्राइव्ह लावलात तर तो विचारतो, नुसतं वापरून पाहायचं आहे की बसवायचं आहे. माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर येत्या रविवारी खाली काढा, नुसतं वापरून पाहायचं आहे असं सांगा, आणि माऊस स्वतः धरू नका. घरात जे माणूस त्याला हात लावायला सगळ्यात जास्त भीत असेल, त्याच्या हातात द्या आणि चहा करायला निघून जा.