डबल रीड, डबल जर्मनी

मंगरूळपीरला रेल्वे अजून आलेली नाही, जर्मनी मात्र केव्हाच येऊन बसली आहे. वापरलेल्या वस्तू विकायच्या कुठल्याही अ‍ॅपवर ‘हार्मोनियम’ एवढंच टाका आणि बघा. कारंज्याची पेटी जर्मन, मानोऱ्याची जर्मन, रिसोडची जर्मन, शेलूबाजारला ‘अर्जंट विकणे आहे’ तीही जर्मन. पुसदकडचा एक जण तर ‘प्युअर जर्मन’ विकतोय. म्हणजे बाकीच्यांत पाणी असावं. सप्त्यात हरिपाठाला वाजते ती पेटी जर्मन आणि उरुसात कव्वालीला वाजते तीही जर्मनच. गावात दोन्हीकडचं एकमत व्हावं असे विषय फार उरलेले नाहीत, त्यातला हा एक.

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा पंचम बोलेनासा झाला. भात्याला चिकटपट्टी लावून एक चातुर्मास निघाला, पण काकडा तोंडावर आला तशी पेटी भजन्यांपेक्षा जास्त धापा टाकू लागली. नवी घेण्याएवढी वर्गणी नाही. म्हणून जुनी बघायची, आणि मला दुसरा उद्योग नाही अशी गल्लीची समजूत असल्याने ती मीच बघायची, असं ठरलं.

पहिलीच जाहिरात अशी: ‘विंटेज, 1985 मॉडेल. ओरिजिनल जर्मन रीड. सागवानी बॉडी, साडेतीन सप्तक. एकहाती, फक्त घरगुती वापर. आवाज ऐकाल तर रडाल. किरकोळ हवा लीक. किंमत 38,000 फिक्स. टाइमपासवाल्यांनी फोन करू नये.’ फोटोत मोराच्या चादरीवर पेटी, पेटीवर झेंडूचा हार. हार जरा उजवीकडे सरकवून घातलेला होता. फोटो बोटांनी मोठा केल्यावर कारण कळलं: हाराखाली एक पांढरी पट्टी नव्हतीच. तिच्या जागी नुसतं लाकूड दिसत होतं. खाली लिहिलं होतं, ‘अँटिक लुक’. तोंडातला दात पडला की माणूस म्हातारा होतो, पेटीचा पडला की अँटिक.

फोन लावला.

“रीड कोणते आहेत?”

“जर्मन.”

“कशावरून म्हणता?”

“आवाजावरून, काका. लय गोड.”

“मग ऐकवा जरा.”

“फोनवर जर्मन आयकू येत नाई नं.”

“बरं. पेटी 1985 ची म्हणता. तेव्हा जर्मन्या दोन होत्या. ही कोणती, पूर्वेकडची का पश्चिमेकडची?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग पूर्ण आत्मविश्वासाने उत्तर आलं, “दोन्हीकडची. डबल रीड हाये नं, काका.”

या उत्तरावर मी फोन ठेवला तो हरलो म्हणून नव्हे, थक्क होऊन. विचार करत गेलो तसं सगळं जुळतच गेलं. दुहेरी सुरांच्या, म्हणजे डबल रीडच्या, पेटीत खर्जाची एक रांग आणि नराची एक रांग असते. तेव्हा खर्ज पूर्वेकडचा धरू, कारण तिथे सगळंच जरा दबक्या आवाजात चालायचं, आणि नर पश्चिमेकडचा, कारण मोकळं बोलायची मुभा तिथे होती. मधली फळी म्हणजे बर्लिनची भिंत. ही पेटी बनली तेव्हा भिंत शाबूत होती, म्हणजे खर्जाचे सूर नराच्या रांगेत आणायला रात्री तारेखालून सरपटत जावं लागलं असेल. 1989 ला भिंत पडली आणि नेमकी तिथूनच हवा लीक व्हायला लागली असणार; जाहिरातवाला त्याला ‘किरकोळ’ म्हणतो, जगाच्या इतिहासात त्याला बराच मान आहे. 3 ऑक्टोबर 1990 ला दोन्ही देश एक झाले, म्हणजे त्या दिवशी कुणीतरी कपलर ओढला, एक पट्टी दाबली आणि तिच्याबरोबर पलीकडच्या सप्तकातली आपोआप खाली गेली. त्या एकीकरणाला खर्च किती आला याचा हिशेब जर्मन लोक अजून मांडतात म्हणे. आमच्याकडे तो 38,000 फिक्स आहे, वर झेंडूचा हार मोफत.

आता खरं काय ते सांगतो. जर्मन सूर हिंदुस्थानात येत होते आणि ते उत्तम होते, हे कुणी नाकारत नाही. पण 1939 ला महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांच्या राज्यात शत्रूच्या देशाशी व्यापार बंद झाला. सूर म्हणजे काय, तर पितळेच्या पट्टीवर एका टोकाला रिपीट मारून बसवलेली पितळेचीच जीभ. तिला पिल्लं होत नाहीत. तरीही दर गणपतीला ती वाढतात आणि नवरात्रात दुप्पट होतात. एकाने तर ‘गंज न लागणारे जर्मन रीड’ अशी खास जाहिरात केली आहे. पितळेला गंज चढत नाही, बाबा. त्यासाठी जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती, घरातला तांब्या पाहिला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या एका पेटीची वंशावळ याहून थोर निघाली: ‘1962 साली रेडिओवर वाजलेली पेटी, कलाकाराच्या घराण्याकडून.’ 1940 पासून 1971 पर्यंत रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. तेव्हा हा मालक खोटं बोलतोय असं म्हणावं, तर तेही मला पटत नाही. त्या काळचे रेडिओ ट्रंकेएवढे असत. त्यावर पेटी ठेवून वाजवली असेल.

इथवर हसून झालं. पुढचं हसून सांगता येत नाही. या बहुतेक ‘जर्मन’ पेट्या उघडून पाहा, आत पालीताण्याचे सूर निघतील. गुजरातेत, भावनगर जिल्ह्यात, शत्रुंजयाच्या पायथ्याशी. शिरपूर जैनसारखं जैन तीर्थ ज्या आमच्या वाशिम जिल्ह्यात आहे, त्याला पालीताण्याच्या तीर्थाचं नाव नवं नसावं. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या, दुहेरी असेल तर 84 जिभा. प्रत्येक जीभ हाताने लावायची. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि एक घास जास्त झाला की ती जीभ वाया. म्हणजे 84 वेळा श्वास रोखायचा, तेव्हा कुठे तुमचा हरिपाठ सुरात लागतो. ही कारागिरी ज्याच्या हातात आहे, त्याच्या गावाचं नाव जाहिरातीत लिहायची आम्हाला लाज वाटते. का? पाकिटावर दुसऱ्याच गावाचं नाव छापलं आणि आमच्या तुरीचं श्रेय गेलं म्हणून पारावर बोंबा मारणारे आम्हीच ना? वाशिमची तूर वाशिमची म्हणून विकली पाहिजे, असं ज्या तोंडाने म्हणायचं, त्याच तोंडाने पालीताण्याच्या माणसाच्या घामावर जर्मनीचं लेबल डकवायचं! आणि हे ‘विंटेज’ प्रकरण वेगळंच. जुनी वस्तू जुनी म्हणून विकली तर घासाघीस करता यायची. विंटेज म्हटल्यापासून घासाघीस करणारा अडाणी ठरतो.

दोष एकट्या विकणाऱ्यांना देऊनही भागत नाही. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न काय? भाता किती वेळ हवा धरतो, हा नव्हे. सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून भाता भरायचा आणि किती वेळात बसतो ते बघायचं, मग एकेक पट्टी सावकाश वाजवून कुठली कुरकुरते ते ऐकायचं, एवढी साधी परीक्षा आहे. मी एकाला तसा व्हिडिओ मागितला. त्याने पाठवला. त्यात त्याची बोटं पेटीवर नुसती पळत होती आणि मागे एक गाणं सुरू होतं, ज्यात बासरी, सतार आणि कोरससुद्धा होता. एका पेटीतून कोरस काढणं जर्मनांनाही जमलं नसतं.

शेवटी अकोल्याच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे काम झालं. त्याने न विचारता सांगितलं, “सूर पालीतान्याचे हायेत. भाता म्या बदलला. खालचा एक सा जरा उशिरा बोलते, त्याले सवय लागन. बारा हजार द्या.” काळी चारला लावून दाखवली, भाता भरून हात सोडून दाखवला. मी आनंदाने पेटी घेऊन एसटीने गावी आलो.

मंडळात कुणी वाजवून बघितलीच नाही. कोषाध्यक्षांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं.

“जर्मन नाई?”

“नाही. पण सुरात आहे.”

“सुरात असून काय कराचं भाऊ? पलीकडच्या मंडळाची जर्मन हाये. सप्त्यात त्यायच्या बाजूले आपन काय तोंड घेऊन बसाचं?”

चर्चा रात्री अकरापर्यंत चालली. मी पालीताणा सांगितलं, महायुद्ध सांगितलं, तूरसुद्धा सांगितली. तुरीवर दोघांनी माना हलवल्या. अखेर बहुमताने तोडगा निघाला. पेटीच्या पुढच्या फळीवर मंडळाचं नाव रंगवायचंच आहे, त्याच्याखाली पेंटरकडून ‘जर्मन’ लिहून घ्यायचं. पेंटर अक्षरामागे चाळीस रुपये मागतो. ‘जर्मन’ची तीन अक्षरं त्याच रात्री मंजूर झाली; ‘ओरिजिनल’च्या पाचांसाठी येत्या एकादशीला वर्गणी मागायची आहे.