कूलरची शाळा

नागपुरात बाष्पीभवनाचा धडा शाळेआधी कूलर शिकवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, हवा कोरडीठाक असते. ओल्या वाळ्याच्या ताटीतून ती ओढली, की पाण्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्यात खर्ची पडते. दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणारा पाहुणा मुंबईचा, हे शेजारी न विचारता ओळखतात. आत आलेल्या हवेला बाहेरची वाट नसेल, तर खोलीत गारव्याऐवजी दमटपणा साचतो. जुलैत हवाच पाण्याने भरलेली. तेव्हा तोच कूलर निव्वळ पंखा उरतो, आवाज मात्र पूर्ण करतो. टाकीतले पाणी आठवड्याला बदलावे, हे डेंग्यूचे डास शिकवतात. त्यांची फी जबर असते.

नागरिकशास्त्राचा तास डिसेंबरात. १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन इथे भरवायचे ठरले. डिसेंबरातल्या या अधिवेशनाआधी विधानभवन असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये डांबर आणि रंग एकदमच अवतरतात. खड्डा बुजवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, एवढी माहिती बाकीच्या वस्त्यांना त्यातून मिळते.