कोटेशन तात्या

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक लोखंडी स्टँड आहे. त्यावर बॅटरी यायची आहे. स्टँड येऊन दोन वर्षं झाली. सध्या त्यावर वॉचमनचा जेवणाचा डबा आणि कुणाचं तरी एक पायताण असतं. बॅटरीचं काय झालं म्हणून विचारलं तर तात्या चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "प्रकरण विचाराधीन आहे."

तात्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. हयातभर खरेदीचं टेबल सांभाळलं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, शिफारस, मंजुरी, मग खरेदी, ही वाट त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की काकू म्हणतात, "आमच्या लेकीचं लगीन बी तीन स्थळांचा तक्ता मांडून ठरवलं. ज्यानं कमी मानपान मागितला त्यो जावई मंजूर." जावई चांगला निघाला हे काकूही मान्य करतात. तात्यांचं दुर्दैव एवढंच की असा जन्मजात खरेदीकर्ता रिटायर झाला आणि खरेदी करायला समोर फक्त आमची बिल्डिंग उरली. खाली चार गाळे, वर दोन मजले, लिफ्ट नाही.

या बिल्डिंगला आठ कॅमेरे कशाला, असं म्हसवडात नवीन आलेला माणूस विचारतो. त्याला इथलं माहीत नसतं. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. आमच्यातले निम्मे फ्लॅटवाले गलाईवाले. कुणी त्रिशूरला, कुणी मदुराईला, कुणी पार पंजाबात. सोनं तिकडं आटवतात, घर इकडं बांधतात आणि घरात राहते ती म्हातारी आई. त्यांनीच वर्गणी काढून कॅमेरे बसवले. ते चोर बघायला बसवले असं कागदोपत्री आहे. खरं म्हणजे त्रिशूरचा पोरगा दुकान बंद करून जेवताना मोबाइल उघडतो आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेल्या आईला बघतो. आई कॅमेऱ्याकडं तोंड करूनच बसते. पदर नीट घेऊन.

लाइट गेली की हा सगळा कारभार ठप्प. पाचव्या मिनिटाला मला फोन. "सेक्रेटरी, दिसंना झालंय. काय झालं?" लाइट गेली, दुसरं काय होणार? वळवाचं वारं सुटलं की तारा नाचतात. जिल्ह्याच्या एका टोकाला १९६० मेगावॉटची कोयना, दुसऱ्या टोकाला मेणबत्ती शोधणारे आम्ही.

त्यात गेटला चुंबकी कुलूप. हे मदुराईवाल्याचं खूळ. बोट लावलं की उघडतं, म्हणून हौसेनं बसवलं. त्याची गंमत अशी की त्याला धरून ठेवायला सतत वीज लागते. वीज गेली की चुंबक सुटतं आणि दार मोकळं. आग लागली तर माणसं आत कोंडू नयेत म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पण आमच्याकडं आग लागली नाही, नुसतीच लाइट गेली. गेट वाऱ्यानं उघडलं आणि शेजारच्या वस्तीवरच्या सात शेरड्या आत आल्या. कुंडीतली जास्वंद, तुळस आणि नोटीस बोर्डावरचा मेंटेनन्स थकबाकीचा कागद, एवढं त्यांनी खाल्लं. पुराव्याला फुटेज नाही. थकबाकीदारांपैकी कुणी शेरड्या सोडल्या का, हा संशय माझ्या मनात आजही आहे.

मग मीटिंग झाली. बॅकअप घ्यायचा ठरला. महिनाभरात पैसे जमले, गलाईवाल्यांनी तर दुसऱ्याच दिवशी पाठवले. पण त्याच मीटिंगमध्ये "चौकशीचं तेवढं कुणीतरी बघा" असं मी म्हटलं. ती माझी चूक. तात्या तोवर मागच्या खुर्चीत डुलक्या घेत होते. 'चौकशी' हा शब्द कानावर पडताच सरळ बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप वही काढली. वर 'श्री सिद्धनाथ प्रसन्न', खाली 'विषय : इमारतीच्या सुरक्षा यंत्रणेस पूरक वीजपुरवठा करणेबाबत.' म्हसवडपासून सुरुवात झाली. मग दहिवडी, सातारा, सांगली. पुण्याच्या तपकीर गल्लीत तर एका दिवसात अकरा दुकानं. अकराही दुकानदारांची कार्डं बुटाच्या खोक्यात लावून ठेवली आहेत, अकरापैकी एकाकडूनही एक वायर घेतलेली नाही.

एकदा मी सोबत होतो. दुकानदार तरुण, उत्साही. म्हणाला, "तात्या, ह्यो इन्व्हर्टर घ्या. लाइट गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू."

"पातं लवायला किती वेळ लागतो?" तात्या.

पोरगं हसलं. तात्या हसले नाहीत. वही उघडून म्हणाले, "पातं लवायला शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात. तेवढ्यात आमचा डीव्हीआर आडवा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू व्हायला दोन मिनिटं घेतो. चोराला दोन मिनिटं रग्गड झाली. आम्हाला पात्याच्या आत नको, पात्याच्या दहाव्या हिश्शात पाहिजे."

मुद्दा बरोबर होता. पंख्या-दिव्यांना चालतो तो इन्व्हर्टर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला चालतोच असं नाही. त्याचा बदलीचा वेळ बघावा लागतो, मागं यूपीएसचं बटण असेल तर ते त्या बाजूला करावं लागतं. पोरानं बटण दाखवलं. तात्यांनी बटणाची नोंद घेतली, चहा घेतला आणि आम्ही परत आलो.

बॅटरी पारखायची त्यांची पद्धत आठवडी बाजारातली. बोकड घेणारा जसा पाठीच्या कण्यावरून हात फिरवतो, मग पोटाखाली हात घालून उचलून बघतो, तसं ते ट्यूब्युलर बॅटरीला करतात. उचलत मात्र नाही. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. म्हणून एकदा त्यांनी दोन कंपन्यांच्या दोन बॅटऱ्या हमालाकरवी शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवायला लावल्या. "शिसं जास्त तर वजन जास्त. छापलेलं काही बी असू दे, काटा खोटं बोलत न्हाय." ज्वारीच्या पोत्यांमध्ये बॅटरी आणि भोवती पंधरा माणसं. एकानं विचारलं, "काय भाव किलो?" तात्यांनी भागाकार करून तोही सांगितला.

हिशेब मात्र त्यांनी असा समजावून दिला की मला इंजिनिअरनं दिला नसता. आठ कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून दिवसा अठ्ठावन्न वॉट, रात्री शहात्तर. कारण अंधारात कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, ते आपल्याला दिसत नाहीत पण वीज खातात. मीटर लावून मोजलं त्यांनी. वर राउटर नऊ वॉट. राउटर विसरला तर रेकॉर्डिंग होईल, त्रिशूरला आई दिसणार नाही. एकूण पंच्याऐंशी.

"आता बॅटरी. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, अठराशे. पण विहीर तळापर्यंत उपसायची नसती. रोज तळ दिसला तर बॅटरी लवकर मरती. निम्मं पाणी ठेवायचं. राहिलं नऊशे. त्यातली इन्व्हर्टरची दलाली पाचवा हिस्सा. राहिलं सातशे वीस. भागिले पंच्याऐंशी. साडेआठ तास."

"झालं की मग! घेऊन टाकू."

"आन्‌ दीडशे लिहिलंय ते कधी? वीस तासांत सावकाश काढलं तर. घाईनं काढलं की कमी देती. गाईला घाई केली की पान्हा चोरती, तसंच."

मी म्हटलं, मग इन्व्हर्टरच नको, छोटा कॉम्प्युटरचा यूपीएस घेऊ. त्यात सात अँपिअर-अवरची बॅटरी असते. तात्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "चौऱ्याऐंशी वॉट-अवर. निम्मी धरली तर आपल्या लोडला अर्धा तास बी न्हाय. ती चोर आला की वाजणाऱ्या सायरनला आन्‌ गेटच्या कुलपाला ठीक." मग बारा व्होल्टचा डीसी यूपीएस, ज्यात बाराचे दोनशे तीस आणि दोनशे तीसचे पुन्हा बारा करण्याची उठाठेवच नाही, दलाली वाचते. तात्यांना तो पटला. इतका पटला की त्याचा स्वतंत्र तक्ता झाला. तोवर कुणीतरी लिथियमचं नाव काढलं. वजन कमी, पाणी घालायला नको, जास्त खोल उपसली तरी चालते, आयुष्य मोठं, पण आजचा खर्च जास्त. म्हणजे आणखी एक रकाना. फुलस्केप पुरेना म्हणून तात्यांनी दोन कागद खळीनं चिकटवले.

जागेचाही अभ्यास झाला. जिन्याखाली पत्र्याचं कपाट ठरलं होतं. लेड-अॅसिड बॅटरीला पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमवावं लागतं, आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो म्हणून कोंदट जागा चालत नाही. हे कळल्यावर तात्यांनी जिन्याखाली थर्मामीटर टांगला आणि एक अख्खा उन्हाळा नोंदी घेतल्या. मे महिन्यात दुपारी एक्केचाळीस. कपाट रद्द झालं, उघडा स्टँड मंजूर झाला. तोच तो, डबा ठेवायचा.

मुदत दर वेळी एकच असते. "रथाच्या आत बसवू." मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, सारा माणदेश म्हसवडात लोटतो, तेव्हा कॅमेरे चालू पाहिजेत. दोन रथ होऊन गेले. पैसे बँकेत आहेत. मी चिडून बोललो तर तात्या शांतपणे म्हणाले, "व्याजात दोन वर्षांचं डिस्टिल्ड वॉटर निघालं."

माणसाला खरेदीचा आनंद असतो तसा न खरेदी करण्याचाही असतो, आणि तो बराच टिकतो. घेतलेल्या बॅटरीत खोट निघू शकते, न घेतलेली बॅटरी कायम उत्तम असते. तात्यांच्या वहीत अशा चौदा उत्तम बॅटऱ्या आहेत.

आणि इतकं होऊनही लोक तात्यांवर रागावत नाहीत. त्याचं कारण मी एका रात्री पाहिलं. पावणेदहाला लाइट गेली. मी टॉर्च घेऊन खाली उतरलो तर तात्या आधीच आलेले. अंगावर घोंगडं, हातात काठी. प्लॅस्टिकची खुर्ची गेटला टेकवून तीत बसले होते, म्हणजे चुंबक सुटलं तरी गेट तात्यांच्या वजनानं बंद. मांडीवर वही. 'गेली २१.४३.' लाइट येण्याची वेळही ते लिहिणार होते, बॅकअप किती तासांचा हवा ते ठरवायला. कट्ट्यावर त्रिशूरवाल्याची आई बसली होती. तिचा फोन वाजला.

"दिसत न्हाय तर न्हाय," ती पोराला सांगत होती. "तात्या हाय की गेटाला. जेव तू."

वहीत पाहिलं, अशा दोनशे सहा रात्री आहेत. एकीचीही सही चुकलेली नाही.

गेल्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. तात्यांनी स्वतः येऊन सांगितलं, निर्णय झाला. दीडशेची ट्यूब्युलर, यूपीएस बटणवाला इन्व्हर्टर, गेटाला आणि सायरनला वेगळी छोटी बॅटरी. शिफारशीवर लाल शाईनं सही. मी लगेच चेक लिहायला घेतला. तात्या दारातून परत फिरले.

"सेक्रेटरी, जिन्याखाली कॅमेरा हाय का?"

"नाही. का?"

"मग बॅटरीवर लक्ष कोण ठेवणार? चोर पहिली तीच न्हेणार."

मी पेन खाली ठेवलं. नववा कॅमेरा लागणार. डीव्हीआर आठचा आहे, नवव्यासाठी सोळाचा घ्यावा लागेल. सोळाचा डीव्हीआर वीज जास्त खातो. म्हणजे लोड बदलला, म्हणजे तास बदलले, म्हणजे बॅटरी बदलली.

डीव्हीआरची दोन कोटेशनं आली आहेत. तिसरं साताऱ्याहून यायचं आहे.