फ्लॅश नाही, पोझ नाही

कनु गांधींनी सेवाग्राम आश्रमात फोटो काढायची परवानगी मागितली, तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. ‘इकडे बघा, असे बसा’ म्हणायचं नाही. आणि या कामाला आश्रमाकडून पैसा मिळायचा नाही. कनु म्हणजे बापूंच्या पुतण्याचे, नारणदास गांधींचे चिरंजीव. आश्रमातला हिशेब आणि टपाल बघणारा विशीतला मुलगा. फोटोच्या वाटेला त्यांना विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी लावलं. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला आणि 1938 पासून पुढची दहा वर्षं हा मुलगा बापूंच्या मागे सावलीसारखा फिरला.

या अटी मला हल्ली रोज आठवतात, कारण आमच्या घरात सध्या एक गॅलरी बांधली जाते आहे. वाळूसिमेंटची नव्हे, वेबपानावरची. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून, ओळखीपाळखीच्या घरांतून, ट्रंकेतून, देवघराच्या फळीवरून जुने फोटो जमवलेत. ते सगळ्यांना बघता यावेत, हा हेतू. बांधकामाचा मुकादम माझा पुतण्या. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुटीत घरी आला आहे. माझ्याकडे निरोप्याचं आणि तक्रारदाराचं काम.

त्याने पहिला नमुना दाखवला तेव्हा पडद्यावर फोटो आपोआप सरकत होते. एक उजवीकडून यायचा, दुसरा विरघळत जायचा, तिसरा तर गिरकी घेऊन यायचा. मला एकदम नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटी आठवल्या. नवरी गुलाबाच्या फुलातून उगवायची, नवरदेव दिलाच्या आकारात तरंगायचा आणि खाली वऱ्हाडातली कुठलीतरी मावशी जिलबी खाताना कायमची अडकून राहायची. ते मिक्सिंग करणारे लोक गेले कुठे, असा प्रश्न मला पडायचा. ते सगळे वेबसाइटच्या धंद्यात गेले, हे आता कळलं.

“हे थांबवता येत नाही का रे?” मी विचारलं.

“थांबवाले कायले पायजे, काकाजी? आजकाल हलत नसलं तर लोकं समजतात साइट बंद पडली.”

आता बघा. एका फोटोत 1950च्या सुमाराची शाळा आहे. चार रांगा, साठ-सत्तर मुलं, मधे खुर्चीवर मास्तर. तो फोटो चार सेकंद दिसतो. चार सेकंदांत मी चष्मा पुसतो. माझे वडील तिसऱ्या रांगेत की चौथ्या, हे शोधायच्या आत तिथे हिंगणघाटच्या कापडगिरणीचा भोंगा हजर. पंगतीत अजून भाताला हात लावला नाही तोच पान उचलायला वाढपी यावा, तसं हे आहे. गंमत म्हणजे हे नुसतं म्हाताऱ्या काकाचं रडगाणं नाही. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे जागतिक मार्गदर्शक नियम आहेत, त्यांतच लिहिलं आहे की मजकुराच्या जोडीने एखादी गोष्ट आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त काळ हलत राहत असेल, तर ती थांबवायची सोय बघणाऱ्याला द्यायलाच हवी. हे मी पुतण्याला वाचून दाखवलं. त्याने ते मोबाइलवर पडताळून पाहिलं. काकांवर नाही, पण नियमावर त्याचा विश्वास बसला.

फोटो सरकायचे थांबले. आता खाली दोन बाण आहेत, मागे आणि पुढे. बघणारा हवं तेव्हा पुढे जातो, नको तेव्हा जात नाही. संगणकावर बसलेल्याला कीबोर्डवरचे बाणही चालतात. फोटोवर बोट ठेवलं की तो मोठा होतो, आजूबाजूचं सगळं अंधारतं आणि एस्केप दाबलं की पुन्हा जागच्या जागी येतो. फोनवर मात्र एक खोडी होती. मोठा झालेला फोटो बंद करायला माणूस सवयीने ‘मागे’ जायचं बटन दाबतो, तर अख्खं पानच बंद होऊन तो थेट रस्त्यावर. ती खोडी काढायला पुतण्याला एक अख्खी रात्र लागली. सकाळी डोळे लाल करून त्याने दाखवलं, तेव्हा मी गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडला. वर्ध्यात याहून मोठा सत्कार करायची पद्धत नाही.

आपापल्या गतीने बघू देणारी एक जागा वर्ध्यात आधीपासून आहे, गोपुरीचं गीताई मंदिर. तिथे मी अनेकदा जातो. तिथे मूर्ती नाही, छप्पर नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडांवर कोरून उघड्यावर उभे केले आहेत. ज्याला दुसरा अध्याय वाचायचा तो दुसऱ्यापाशी उभा राहतो, ज्याला नुसतं चालायचं तो चालतो. मे महिन्यात दगड तापलेले असतात म्हणून लोक जरा भराभर पुढे सरकतात, एवढीच काय ती सक्ती. त्या दगडांना कोणी चाकं लावून आपल्यासमोरून फिरवायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आमच्या मुकादमाने करावा म्हणून मी त्याला मुद्दाम तिथे घेऊन गेलो. त्याने तिथे सेल्फी काढला. असो.

बापूंची दुसरी अट इथे मला फार मोलाची वाटते. ‘पोझ नाही’ म्हणजे समोरच्या माणसाला तू हलवायचं नाहीस, तू हल. रोलायफ्लेक्स छातीशी किंवा पोटाशी धरायचा कॅमेरा. वरून काचेत बघायचं, म्हणजे फोटो काढणाऱ्याला समोरच्यापुढे मान खाली घालावी लागते. त्यात चित्र डावं-उजवं उलट दिसतं. बापू डावीकडे चालले की काचेत ते उजवीकडे जातात, आणि बापूंच्या चालण्याचा वेग तर सगळ्यांना ठाऊक. एका फिल्मवर बारा फोटो. आश्रम पैसे देणार नाही, म्हणजे प्रत्येक खटक्यामागे खिशाचा विचार. अशा अवस्थेत त्या मुलाने जे टिपलं, त्यात कोणी कोणाकडे बघून हसत नाही. सगळे आपापल्या कामात आहेत.

रोलायफ्लेक्सचा फोटो चौरस असतो, आणि त्यावरून आमच्याकडे एक प्रकरण घडलं. पुतण्याने गॅलरीच्या पहिल्या पानावर सगळे फोटो छोट्या चौरस चौकटींत बसवले. दिसायला छान, पाटावर मांडलेल्या वड्यांसारखं नीटनेटकं. पण आमच्या गोळा केलेल्या फोटोंत चौरस थोडेच. आडव्या फोटोंचे दोन्ही टोकांचे लोक चौकटीबाहेर गेले, उभ्या फोटोंतल्यांची डोकी उडाली. आर्वीच्या एका कुटुंबाच्या फोटोत मधली खुर्ची तेवढी उरली, खुर्चीवरचे आजोबा गळ्यापर्यंत. त्यांच्या नातवाचा फोन आला. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, “आजोबांचा फेटा तेवढा दिसू द्या, राजेहो. त्या फेट्यासाठीच फोटो काढला होता.” आता चौकटी सारख्या नाहीत, पान जरा ओबडधोबड दिसतं, पण फेटे शाबूत आहेत.

पहिल्या अटीवरून, म्हणजे फ्लॅशवरून, आमच्यात अजून तह झालेला नाही. फ्लॅश नाही म्हणजे कुडाच्या घरातल्या अंधाराला अंधारच राहू द्यायचं. त्यामुळे कनुभाईंचे आतले काही फोटो काळपट आहेत, दाणेदार आहेत. आता पुतण्याच्या हातात याच्या उलट वागणारं एक ॲप आहे, ते जुन्या फोटोंत रंग भरतं. त्याने देवळीच्या एका सभेचा फोटो त्यात घातला. सभेतल्या निम्म्या लोकांच्या खादीला आकाशी रंग आला आणि एका आजींच्या लुगड्याला अबोली. “किती जिवंत वाटते पाहा!” तो म्हणाला. आजींचं लुगडं मुळात हिरवं होतं, असं त्यांच्या सुनेने शपथेवर सांगितलं. रंगवलेला फोटो हवाच असेल तर तो मूळ फोटोच्या शेजारी ठेवावा आणि ‘रंग यंत्राने भरले’ असं खाली लिहावं, इथपर्यंत मी मागे हटलो आहे. याच्या मागे हटणार नाही.

तिसऱ्या अटीचं मात्र वेबवर उलटंच होतं. आश्रम पैसे देणार नव्हता, ते कनुभाईंनी सोसलं. इथे गॅलरी करणारा मोकळा सुटतो आणि खर्च बघणाऱ्याच्या माथी येतो. मोबाइलने काढलेली एकेका फोटोची प्रत पाच-पाच एमबीची. असे दोनशे फोटो एका पानावर टाकले की झाला एक जीबी. समुद्रपूरच्या आतल्या गावात रोज दीड जीबीच्या रिचार्जवर दिवस काढणाऱ्या माणसाने आमचं पान उघडलं, तर त्याचं संध्याकाळचं भजन बुडालं. यावरचे उपाय पुतण्याला चोख ठाऊक होते, हे मान्य केलं पाहिजे. आधी फक्त छोट्या प्रती दाखवायच्या, मोठी प्रत मागितली तरच द्यायची. खालचे फोटो बघणारा तिथे पोहोचेपर्यंत आणायचेच नाहीत. आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच सांगून ठेवायची, म्हणजे फोटो उशिरा आला तरी त्याची जागा राखलेली असते आणि वाचता वाचता ओळ पायाखालून सरकत नाही. प्रोग्रामर मार्क अँड्रीसनने वेबपानात चित्र घालायची खूण 1993च्या फेब्रुवारीत सुचवली. जागा राखायचा शहाणपणा जगाला त्यानंतर सुचला.

नावांचा घोळ तर विचारू नका. दोन घरांतून आलेल्या दोन फोटोंच्या फाइलींचं नाव एकच निघालं, आणि बारशाच्या मजकुराखाली बैलपोळा दिसू लागला. वर्ध्याला हे नवं नाही. बापू 30 एप्रिल 1936 रोजी आले ते सेगावला. पण बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल तिकडे जायला लागलं, म्हणून 1940 साली सेगावचं सेवाग्राम झालं. टपालासाठी एक अख्खं गाव नाव बदलतं, तर फाइलीने बदलायला काय हरकत आहे? आता प्रत्येक फाइलीच्या नावात तालुका, गाव आणि साल आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त संगीतशिक्षक आहेत. त्यांना दिसत नाही. फोन मजकूर वाचून दाखवतो, तो ऐकतात. फाइलींची नावं बदलायच्या आधी त्यांनी आमचं पान उघडलं आणि मला फोन केला, “आयएमजी शून्य चार सात दोन म्हणजे कोण हो?” फोटोमागे शब्दांत वर्णन लिहायची जागा असते. तीच आम्ही ठेवली नव्हती, म्हणून फोनने फाइलीचं नाव वाचलं. तेव्हापासून वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त आनंद त्याचाच आहे. दोन वाक्यांत फोटो सांगायचा म्हटलं की तो पहिल्यांदा खरा दिसायला लागतो. कनुभाईंचा एक प्रसिद्ध फोटो आहे. बापू एका वृद्ध माणसाची शुश्रूषा करताहेत. ते परचुरे शास्त्री, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. लोक जवळ उभं करत नव्हते त्या काळात बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं. हे खाली लिहिलेलं नसेल तर ते दोन म्हातारे आहेत, एवढंच दिसतं.

आणि काही फोटो लावायचेच नाहीत. आगाखान पॅलेसमध्ये 1944 साली कस्तुरबा बापूंच्या मांडीवर अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा बापूंनी कनुभाईंना फोटो काढू दिला नाही. आमच्या जमवाजमवीतही अंत्ययात्रांचे फोटो आले, कोणाच्या आजाराचे आले. पुतण्या म्हणाला, “हे लय लोकं पाहातीन, काकाजी.” मग आपणच म्हणाला, “पण राहू द्या.” ते फोटो ज्या घरचे त्या घरी परत गेले.

गॅलरी सर्वांसाठी दिवाळीपर्यंत सुरू होईल. तोवर वर्धा जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही वाचकांना एक विनंती. घरात जुने फोटो असतील तर आज संध्याकाळी बाहेर काढा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनने नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. डावीकडून उजवीकडे, गाव आणि साल धरून. आणि कृपा करून ‘मी आणि आई’ असं लिहू नका. त्या ‘मी’चं पूर्ण नाव लिहा.